अर्थसंकल्पाला हात वर करायचा की नाही? छोट्या डाव्या पक्षाने पोर्तुगालकडून घ्यावा असा हिशेब

समजा, सरकार मध्यममार्गी डाव्यांचं आहे, बहुमताला थोड्या जागा कमी आहेत आणि अर्थसंकल्प आपल्या मतांवर अडलाय. पाडला तर उजवे येतील ही धास्ती, तारला तर आपलेच कार्यकर्ते विचारणार, मग आपला पक्ष वेगळा कशाला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पोर्तुगालमधले लेफ्ट ब्लॉक आणि कम्युनिस्ट पक्ष २०१५ पासून सहा वर्षं या पेचात होते. समोर होते समाजवादी पंतप्रधान आंतोनिओ कोश्ता (वडिलांकडून मडगावच्या घराण्यातले, घरचं नाव ‘बाबुश’).

आधी कागदावर बेरीज मांडा. तिथल्या सभागृहात २३० जागा. २०१५ मध्ये समाजवादी ८६ आणि उजवी युती १०७. म्हणजे डावे नुसते तटस्थ राहून भागणार नव्हतं, बाजूनेच मत द्यावं लागणार होतं. ब्लॉकचे १९, कम्युनिस्टांचे १५ आणि त्यांच्या जोडीच्या हरित पक्षाचे २ धरून आकडा १२२ झाला.

२०१९ नंतर गणित पालटलं. समाजवादी १०८, उजवे सगळे मिळून ८६. आता तटस्थ राहिलं तरी सरकार तरत होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्लॉकने एकट्याने विरोध केला: ८६ अधिक १९, म्हणजे १०५. कम्युनिस्ट तटस्थ होते, अर्थसंकल्प तीन मतांनी पार पडला. ब्लॉकला विरोध फुकटात करता आला, कारण किंमत दुसरा मोजत होता. पुढच्या वर्षी कम्युनिस्ट आणि हरित यांचे १२ही विरोधात गेले आणि बेरीज ११७ झाली. म्हणून आपलं मत ठरवण्याआधी शेजारच्या डाव्या पक्षाचं मत काय असणार ते विचारा, आणि तेही बैठकीत समोरासमोर.

मतदान एकदाच होत नाही. आधी तत्त्वतः, मग कलमवार, शेवटी एकत्रित. पहिल्या फेरीत तटस्थ राहून कलमवार फेरीत दुरुस्त्या रेटणं ही सगळ्यात कामाची चाल. पोर्तुगालच्या संविधानाच्या कलम १६७ मुळे चालू वर्षाचा खर्च वाढवणारा किंवा महसूल घटवणारा प्रस्ताव खासदारांना एरवी आणता येत नाही. अर्थसंकल्पाच्या चर्चेत मात्र येतो. (आपल्या लोकसभेत सदस्याला खात्याच्या खर्चाची मागणी वाढवता येतच नाही, फक्त कपात सुचवता येते. धोरणाला विरोध म्हणून मागणी १ रुपयावर आणायची किंवा तक्रार नोंदवायला १०० रुपये कापायचे.) २०२०च्याच कलमवार फेरीत ब्लॉकने नोवो बँकेला द्यायचे ४७.६ कोटी युरो उजव्यांची मतं घेऊन अडवले होते.

मागायचं काय, यावरच सगळं अवलंबून आहे. मागणी लेखी हवी, तारखेसकट हवी आणि शक्यतो हक्काच्या रूपात हवी. २०१५ चे करार लेखी होते आणि प्रत्येक पक्षाशी वेगळे. किमान वेतन ५०५ युरोवरून टप्प्याटप्प्याने ५३०, ५५७, ५८० आणि २०१९ मध्ये ६०० झालं. शाळेची पुस्तकं पहिलीपासून सुरू होऊन बारावीपर्यंत मोफत झाली. लिस्बन आणि पोर्तो महानगरांत बस-रेल्वेचा मासिक पास ४० युरोच्या मर्यादेत आला. तो घरोघरी खिशात जाणवला.

हक्काचा आग्रह धरायचं कारण असं. नुसती ‘तरतूद’ मागितली की अर्थमंत्री ती मंजूर करतो आणि वर्षभर गोठवून ठेवतो. कोश्ता यांचे अर्थमंत्री मारिओ सेंतेनू यांनी हे तंत्र इतकं वापरलं की गोठवलेल्या रकमांसाठीचा ‘कातिवासोंइश’ हा खात्यातला शब्द रोजच्या राजकारणात आला. पेन्शनचा दर किंवा पासची किंमत अशी गोठवता येत नाही. रुग्णालयाची यंत्रसामग्री मागायची असेल, तर दर तिमाहीला प्रत्यक्षात किती पैसा सुटला याचा तक्ता सभागृहात ठेवायची अटही घाला.

२०१९ नंतर लेखी करार उरला नाही, आणि आमच्या मते घसरण तिथूनच सुरू झाली. दर ऑक्टोबरला नव्याने घासाघीस. २०२१ मध्ये अडलं ते कामगार कायदे, पेन्शनमधली कपात आणि किमान वेतनावर. सरकार ७०५ म्हणत होतं, कम्युनिस्ट ८५०. मागण्या रास्तच होत्या, पण कामगार कायदे आणि किमान वेतन अर्थसंकल्पी विधेयकात ठरतच नाहीत. अशा मुद्द्यावर अर्थसंकल्प पाडला की मतदाराला एका वाक्यात कारण सांगता येत नाही. असे मुद्दे जूनमध्ये स्वतंत्र विधेयक आणून लढावेत.

विरोध करायचाच असेल, तर दुसऱ्या दिवशी काय होणार ते आधी पाहा. पोर्तुगालमध्ये अर्थसंकल्प पडला म्हणून सरकार आपोआप जात नाही, दरमहा मागच्या वर्षाच्या बाराव्या हिश्शावर कारभार चालतो. पण राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रिबेलो डी सोझा यांनी सभागृह बरखास्त करण्याचा इशारा आधीच दिला होता. २७ ऑक्टोबर २०२१ ला १०८ विरुद्ध ११७ असा निकाल लागला, पाच तटस्थ. ३० जानेवारी २०२२ ला निवडणूक झाली. ब्लॉक १९ वरून ५ वर, कम्युनिस्ट १० वरून ६ वर, हरित पक्ष शून्यावर, अतिउजवा शेगा १ वरून १२ वर. समाजवाद्यांना एकट्यांना १२० जागा मिळाल्या. पुढचा अर्थसंकल्प त्यांनी डाव्यांना न विचारता मंजूर केला.