फर्स्ट इयरचं जेनेटिक्स आणि सेल फिजिओ: विदर्भात शिकताय तर सिकलसेल धरा

नागपूरला मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्सला नवीन ॲडमिशन झालेल्यांसाठी लिहितेय, बाकीच्यांनाही चालेलच. फर्स्ट इयरला हा भाग तीन सब्जेक्टमध्ये तुकड्या-तुकड्यात येतो, क्रोमोसोम आणि पेडिग्री (घराण्यात आजार कसा उतरतो त्याचा तक्ता) ॲनाटॉमीत, डीएनए ते प्रोटीन बायोकेममध्ये, मेम्ब्रेन आणि चॅनल फिजिओत, आणि कोणी सांगतच नाही की हे सगळं एकाच पेशीत चाललंय. माझं म्हणणं एवढंच की एक आजार पकडा आणि तिन्ही सब्जेक्ट त्याच्यावरून वाचा. आपल्याकडे तो आजार शोधायला जावं लागत नाही, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडचे सिकलसेलचे (हिमोग्लोबिन बिघडून लाल पेशी वाकते तो आनुवंशिक आजार) पेशंट इथे रेफर होऊन येतात, पुढे पेडिॲट्रिक्स, मेडिसिन, गायनिक सगळीकडे भेटतील.

क्रोमोसोम 11 वर बीटा ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनच्या एका साखळीचा) जीन, सहाव्या कोडॉनला (एका अमिनो ॲसिडसाठीची डीएनएची तीन अक्षरं) जीएजीचं जीटीजी, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन, हे सगळ्यांना पाठ असतं. (नवीन जेनेटिक रिपोर्टमध्ये सातवा नंबर दिसला तर गोंधळू नका, त्यात सुरुवातीचा मिथिओनिन पण मोजतात.) आता पुढचा प्रश्न स्वतःला विचारा, की यात बदललं काय? ग्लुटामिक ॲसिडवर निगेटिव्ह चार्ज असतो, व्हॅलिनवर नाही. म्हणून अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या जोरावर चार्जप्रमाणे प्रोटीन वेगळी करतात ती टेस्ट) हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं, हे नॉर्मल ए च्या मागे राहतं, 1949 ला लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी चार्जचा हाच फरक दाखवला, आणि तो एकाच अमिनो ॲसिडचा आहे हे पुढे 1950 च्या दशकात व्हर्नन इंग्रॅमनी शोधलं. दुसरं म्हणजे व्हॅलिन पाण्यापासून पळतं, ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन बसतं, असं एकाला एक जोडत लांब दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते.

आता इथून फिजिओ सुरू होतं आणि मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. वाकलेल्या पेशीच्या मेम्ब्रेनमधून कॅल्शियम आत शिरतं, त्यानी गार्डोस चॅनल उघडतं, ते पोटॅशियमचं चॅनल आहे, पोटॅशियम बाहेर गेलं की त्याच्यामागे क्लोराइड आणि पाणी जातं, पेशी सुकते, आतलं हिमोग्लोबिन घट्ट होतं आणि घट्ट झालं की दोरे अजून लवकर बनतात, म्हणजे चक्र स्वतःलाच वाढवत नेतं. हा एक पॅरा नीट समजला ना, तर ऑस्मोसिस, ग्रेडियंट, आयन चॅनल तिन्ही झाले, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा 45 ला टेकतो तेव्हा सिकलसेलच्या पोराला पाणी कमी पडू देऊ नका असं का सांगतात तेही कळलं. सोबत हेही लक्षात ठेवा की लाल पेशीला न्यूक्लियस नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, पंप चालवायला एटीपी फक्त ग्लायकोलिसिसचं. नॉर्मल पेशी 120 दिवस जगते, ही साधारण 10 ते 20 दिवस, म्हणून ॲनिमिया.

जीन रेग्युलेशन कोरडं वाटतं, तेही इथेच लावा. बाळ जन्मतः ठीक असतं कारण हिमोग्लोबिन एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) भरपूर असतं आणि ते दोऱ्यात सामील होत नाही, सहाएक महिन्यांनी ते उतरलं की त्रास सुरू. हायड्रॉक्सियुरिया हे औषध एफ वाढवतं. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली क्रिस्पर (जीन एडिटिंगची) थेरपी पण एस दुरुस्त करत नाही, ती बोन मॅरोच्या स्टेम सेलमध्ये बीसीएल11ए (एफ बंद ठेवणारा जीन) चा स्विच बिघडवते, म्हणजे एफ परत चालू होतं. लाल पेशीत जीनच नाही तर एडिटिंग कुठे करणार, हे व्हायवाला विचारतात बरं का.

नर्व्ह आणि ॲक्शन पोटेन्शियल मात्र यातून येणार नाही, ते वेगळंच बसून ग्राफ काढत करा.

पेडिग्रीसाठी थोडा जास्त वेळ द्या, कारण मार्कांच्या पलीकडचं काम आहे. आईवडील दोघंही एएस (एक जीन नॉर्मल, एक सिकलचा, म्हणजे वाहक) असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के एसएस (आजार), 50 टक्के एएस, 25 टक्के एए (नॉर्मल). प्रत्येक गरोदरपणात! आईवडील म्हणतात "एकाला झाला नं मॅडम, आता पुढचे तीन सुटले", तसं नसतं हे त्यांना मराठीत सांगता आलं पाहिजे. आणि पेशंटच्या निरोगी भावाला वाहक असण्याची शक्यता अर्धी नाही, दोन तृतीयांश, कारण तो एसएस नाही हे आधीच माहीत आहे.

सासरचे सरळ बोलतात की हा आजार बाईच्या घरून आला, आणि ती बाई तुमच्यासमोर मान खाली घालून बसलेली असते. ऑटोसोमल रिसेसिव्ह म्हणजे एक जीन आईचा आणि एक बापाचा, दोन्हीकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही, हे नवऱ्यासमोर, सासूसमोर स्पष्ट बोला. भावंडांची तपासणी लिहिताना सोल्युबिलिटी टेस्टवर (रक्तात एस आहे का एवढंच दाखवणारी झटपट टेस्ट) थांबू नका, ती पॉझिटिव्ह आली तरी एएस की एसएस ते सांगत नाही आणि लहान बाळात निगेटिव्ह येऊ शकते, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट) किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतंच.