प्रश्नमंजूषेसाठी एकच उत्तर असलेले प्रश्न कसे काढावेत

गणेशोत्सवात मुलांसाठी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घेताना माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. ‘कृष्णेचा संगम कोठे आहे?’ असा प्रश्न मी काढला होता आणि उत्तर म्हणून कराड लिहून ठेवले होते. एका मुलीने ‘माहुली’ असे सांगितले आणि तिचे गुण गेले. वास्तविक साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा, कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. म्हणजे मुलगी बरोबर होती, चुकला होता तो प्रश्न. ‘कृष्णा आणि कोयना कोणत्या शहरात मिळतात?’ असे विचारले असते, तर तिच्यावर अन्याय झाला नसता. म्हणून प्रश्न लिहून झाला की त्याला दुसरे खरे उत्तर निघते का, हे आधी शोधावे.

इतिहासात हा घोटाळा बहुधा नावांमुळे होतो. नुसते ‘शाहू महाराज’ म्हटले, तर कोणाच्या डोळ्यांसमोर साताऱ्याचे छत्रपती येतात, तर कोणाच्या कोल्हापूरचे राजर्षी. ‘१७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झालेले छत्रपती कोण?’ असे विचारल्यास संदिग्धता उरत नाही.

बायबलमधील व्यक्तींवर प्रश्न काढताना ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, मूळ मजकूर उघडून पाहावा. योनाला देवमाशाने गिळले असे सर्रास सांगितले जाते, पण योनाच्या पुस्तकात केवळ ‘मोठा मासा’ आहे. आदाम-हव्वेने खाल्लेल्या फळाला उत्पत्तीच्या पुस्तकात नावच नाही, त्यामुळे ‘सफरचंद’ हे उत्तर धरू नये. नोहाने तारवात प्रत्येक प्राण्याची एकच जोडी घेतली, हेही अपुरे आहे, कारण शुद्ध प्राण्यांसाठी त्याच पुस्तकात सातचा आकडा येतो. त्यापेक्षा ‘नोहाने तारवातून प्रथम कोणता पक्षी सोडला?’ हा प्रश्न चांगला: उत्तर कावळा, कबुतर त्यानंतरचे. मराठी बायबलमधील ‘मोशे’ आणि बोलण्यातला ‘मोझेस’ ही दोन्ही रूपे मात्र ग्राह्य धरावीत.

वन्यजीवांच्या बाबतीत आपल्या मुलांना ठाऊक असलेलाच शब्द वापरावा. पाटणकडच्या मुलाला गवा माहीत असतो. त्याला ‘बायसन’ म्हणून गोंधळात का टाकावे? ‘गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असलेला, गाईच्या कुळातला रानटी प्राणी कोणता?’ असे वर्णन दिले की मूल आठवून उत्तर देते. ‘सह्याद्री व्याघ्र प्रकल्प कोणत्या जिल्ह्यात आहे?’ हा प्रश्न टाळावा, कारण कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेला हा प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरला आहे. ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?’ याला मात्र शेकरू हेच उत्तर.

शेवटी प्रत्येक प्रश्न वेगळ्या कार्डावर लिहून मागे उत्तर आणि चालणारी पर्यायी रूपे नोंदवावीत, आणि ती कार्डे आदल्या दिवशी प्रश्न न काढलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावीत. जिथे तो अडखळेल किंवा ‘म्हणजे कोणता?’ असे विचारेल, ते कार्ड पुन्हा लिहावे.