विश्लेषणाला बसण्याआधी ९९ शोधा

प्रश्नावल्या भरून आल्या, नोंदी टाकून झाल्या, की एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर उघडून थेट सरासरी काढायची घाई होते. थांबा जरा. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, कोडबुक, म्हणजे कुठल्या उत्तराला कुठला आकडा दिला त्याची यादी, छापून समोर ठेवा. प्रत्येक प्रश्नावलीवर अनुक्रमांक हवाच. एखादी नोंद संशयास्पद वाटली तर कागद शोधणार कसा?

आता खरं काम. 'उत्तर दिलं नाही' यासाठी ९९ टाकलाय ना? मग व्हेरिएबल व्ह्यूमध्ये, म्हणजे एसपीएसएसच्या चलांच्या यादीत, मिसिंगच्या (हिशेबात न धरायच्या आकड्यांच्या) रकान्यात तो भरलाय का? कोडबुकात लिहिलंय, हे उत्तर चालणार नाही. कोडबुक तुम्ही वाचता, सॉफ्टवेअर वाचत नाही. त्याच्या लेखी ९९ म्हणजे नव्व्याण्णव. १ ते ५ च्या श्रेणीवर सरासरी ७ च्या पुढे गेली तर कुणीही दचकेल. घात होतो वयाच्या प्रश्नात. २०० पैकी १९० जणांचं सरासरी वय ३०, उरलेल्या १० जणांनी वय सांगितलंच नाही. ९९ तसाच राहिला तर सरासरी येते ३३.४५. दिसायला अगदी रास्त! प्रमाण विचलनही (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) फुगतं, पण तिकडे कोण बघतं? माझा तक्ता असाच प्रबंधात गेला आणि तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "कमाल वय किती?"

तेव्हा आधी प्रत्येक चलाची वारंवारिता, म्हणजे कुठला आकडा किती वेळा आलाय ते, काढा, किमान आणि कमाल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ९९ दिसला? मिसिंगमध्ये टाका. पुन्हा वारंवारिता काढा. आणि हो, तेवढ्यानेही सुटका नाही. वयोगट पाडताना '६० ते हायेस्ट' (६० पासून सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत) असं रिकोड केलंत, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे कोड दिलेत, तर मिसिंग म्हणून जाहीर केलेला ९९ सुद्धा ज्येष्ठ नागरिकांत जाऊन बसतो. वरची मर्यादा आकड्यात लिहा, ६० ते ९८.

मग मापनाचे स्तर. धर्म, वैवाहिक स्थिती यांचे कोड १, २, ३ असले तरी त्यांची सरासरी काढू नका. सॉफ्टवेअर निमूट काढून देईल, तुम्ही मागू नका. उत्पन्नाला मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, चार श्रीमंत सरासरी ओढून नेतात. (उत्पन्नात 'माहीत नाही' म्हणून ९९९९९ टाकलाय का? तोही मिसिंगमध्ये.) उलट अर्थाची विधानं असतील तर बेरजेआधी गुण उलटवा: ५ गुणांच्या श्रेणीवर ६ वजा उत्तर. इथेही ९९ राहिला तर उणे ९३ गुण मिळतील.

दोन गटवार चलांत संबंध आहे का हे बघणाऱ्या काय-वर्ग चाचणीत अपेक्षित वारंवारिता (संबंध नसता तर आली असती ती संख्या) बऱ्याच चौकटींत ५ हून कमी असेल तर गट एकत्र करा. पी-मूल्य (प्रत्यक्षात संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा किंवा याहून ठळक निकाल येण्याची शक्यता) ०.०५ खाली आलं म्हणजे संबंध मोठा आहे असं लिहू नका. सहसंबंधातून कारण काढू नका. आलेखाला अक्षांची नावं द्या.

उशिरा आलेल्या प्रश्नावल्या दुसऱ्या कुणी भरल्या असतील तर जोडण्याआधी विचारा, कोऱ्या उत्तराला ९९ टाकलाय की ०.