वारा फिरला की आत या

अमेरिकेच्या मिडवेस्टात, शिकागो-मिनियापोलिसकडे, उन्हाळ्यात आई-बाबा राहायला आले असतील तर त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. इथलं वादळ आपल्या वळिवासारखं दुपारच्या तलखीनंतरच येईल असं नाही. कॅनडाकडून सरकणारी थंड, जड हवा मेक्सिकोच्या आखातावरून आलेल्या दमट हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि तिला झपाट्यानं वर ढकलते. थंड हवेची ही पुढे सरकणारी कड, म्हणजे कोल्ड फ्रंट, मध्यरात्रीसुद्धा डोक्यावरून जाऊ शकते.

दिवसा तिची खूण बहुतेकदा दिसते. दक्षिणेचा उबट वारा पडतो, मग वायव्येकडून एकदम गार झोत येतो. पश्चिमेला फळीसारखा आडवा काळा ढग दिसला की ग्रिल बंद करा आणि सगळ्यांना आत घ्या, पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नका. झाड नको, पार्कातली उघडी शेडही नको. पक्की इमारत, नाहीतर काचा बंद केलेली गाडी. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही.

फोनवर ‘वॉच’ आलं तर हवा वादळाला पोषक आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ आलंच.

अंडरपासमध्ये पाणी साचलं असेल तर गाडी वळवा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलून नेऊ शकतं. मुंबईच्या पावसात गुडघाभर पाण्यातून गाडी काढायची सवय असलेल्यांची मला इथे सगळ्यात जास्त काळजी वाटते.