भाषा मेंदूच्या कुठल्या बाजूला? एफएमआरआयच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेंदूत गाठ असलेल्या पेशंटची भाषा डावीकडे की उजवीकडे, हे ऑपरेशनआधी एफएमआरआयने, म्हणजे काम करणारा मेंदू दाखवणाऱ्या एमआरआय स्कॅनने, सांगायचं असतं. मशीन सुरू करण्याआधीचा अर्धा तास इथे फार मोलाचा.

जेवतो कुठल्या हाताने, एवढंच विचारून थांबू नका. आपल्याकडे डावखुऱ्यालाही उजव्या हाताने जेवायला लावलेलं असतं. चेंडू, सुरी, काडेपेटी विचारा. उजवखुऱ्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांची भाषा डावीकडे असते, डावखुऱ्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांची.

मग भाषा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माणूस घरी कोकणी बोलतो आणि मराठीत शिकलेला असतो. गोव्याच्याच सासष्टी तालुक्यातला पेशंट कोकणीच बोलतो, पण बऱ्याचदा वाचतो रोमी (रोमन) लिपीत. त्याच्यापुढे देवनागरी शब्द टाकलेत तर मेंदू गप्प बसणारच. त्यापेक्षा चित्रं बरी: नारळ दिसला की मनात 'सोलणे, फोडणे, खवणे'. कोणी कोकणीत 'कांतप' (खवणे) म्हणाला तरी चालेल. 30 सेकंद काम, 30 सेकंद विश्रांती, अशा पाच फेऱ्या. सराव बाहेर मोठ्याने करून घ्या. आत बोलायचं नाही, जबडा हलला की डोकं हलतं. दुसरी चाचणी गोष्ट ऐकण्याची ठेवा. क्रियापदांनी मुख्यतः पुढचा भाग उजळतो, कानामागचा तेवढा नाही.

गणित सोपं आहे: उजळलेले डावे व्हॉक्सेल (स्कॅनमधले छोटे घन ठिपके) वजा उजवे, भागिले दोघांची बेरीज. साधारणपणे 0.2 च्या वर डावी बाजू, उणे 0.2 च्या खाली उजवी, मधलं दोन्हीकडे. समजा 420 आणि 180 आले, तर 0.4. थ्रेशोल्ड, म्हणजे ठिपका उजळला असं मानण्याची किमान पातळी, चढवल्यावर 150 आणि 30 उरले, तर 0.67. पेशंट तोच! म्हणून एकाच थ्रेशोल्डवरचा आकडा देऊ नका. लहान मेंदू मोजणीतून वगळा, त्याची बाजू उलटी असते.

खरा घात गाठीजवळ होतो. एफएमआरआय पेशी मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतो. जोमाने वाढणाऱ्या ग्लायोमाभोवती (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीभोवती) किंवा एव्हीएमजवळ (रक्तवाहिन्यांच्या गुंत्याजवळ) रक्तवाहिन्या प्रतिसादच देत नाहीत. पेशी काम करतात, सिग्नल येत नाही, आणि आकडा बिनदिक्कत 'उजवी' म्हणतो. शंका आली तर 15-20 सेकंद श्वास रोखायला लावून वेगळा स्कॅन घ्या. तेव्हाही जिथे सिग्नल वाढत नाही, तिथल्या काळोखाला अर्थ नाही. जुना रक्तस्राव किंवा आधीच्या ऑपरेशनची क्लिप असेल तर कच्ची चित्रं आधी पाहा, तिथे सिग्नल मुळातच बुडालेला असतो.

रिपोर्टात 'डावीकडे भाषा नाही' लिहू नका, 'डावीकडे सिग्नल मिळाला नाही' लिहा. किती कापायचं ते सर्जन पेशंटला जागं ठेवून, मेंदूला थेट विजेचा हलका स्पर्श देऊन ठरवतील.