थर्मल कॅमेऱ्याने दुभत्या गाईच्या खुरांचा दाह वेळीच कसा ओळखावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळाभर गोठ्याची जमीन सुकत नाही, तर निपाणी-चिकोडी भागात अनेक संकरित गाई दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर बांधलेल्या असतात. ओलाव्याने खूर मऊ पडून त्याच्या दोन भागांमधली बेचकी कुजते आणि कठीण कोब्यावर तळव्याला व्रण होतो. गाय लंगडताना दिसते तोवर आतला दाह बराच पुढे गेलेला असतो व दूधही घटू लागते. दाहाच्या जागी रक्तपुरवठा वाढतो आणि त्याची उष्णता कातडीपर्यंत पोहोचते. थर्मल कॅमेरा नेमकी तीच टिपतो. तो रोगाचे नाव सांगत नाही, कोणता पाय आधी उचलून पाहावा एवढेच सांगतो, आणि दूध उत्पादकासाठी तेवढेही मोलाचे आहे.

चित्र सकाळच्या धारेच्या वेळी, गोठ्यात ऊन शिरण्यापूर्वी घ्यावे. नुकत्याच चालून आलेल्या गाईचे पाय तापलेले असतात, म्हणून तिला थोडा वेळ उभी राहू द्यावी. ताजे शेण चिकटलेले असेल तर खूर धुऊन पूर्ण कोरडे होऊ द्यावेत; ओले खूर बाष्पीभवनाने थंड दिसतात आणि खरा दाह झाकला जातो. कॅमेऱ्यातील उत्सर्जकता (पृष्ठभाग किती उष्णता किरणांवाटे बाहेर टाकतो हे सांगणारा आकडा) ०.९५ ते ०.९८ च्या दरम्यान ठेवावी व गोठ्यात आणल्यावर कॅमेरा काही मिनिटे तसाच चालू ठेवावा. गाय दावणीला किंवा खोड्यात नीट बांधून, लाथेच्या टप्प्याबाहेर राहून, साधारण एक मीटरवरून मागचे दोन्ही पाय एकाच चित्रात येतील असे पाहावे. लंगडण्यास कारण ठरणारे बहुतेक विकार मागच्या पायांत, त्यातही बाहेरच्या खुरीत आढळतात. टाच आणि केस संपून कठीण खूर सुरू होते ती कड, या दोन जागांचे कमाल तापमान नोंदवावे.

दोन्ही पाय एकाच चित्रात घेण्याचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. मोबाईलला जोडायच्या साध्या कॅमेऱ्याचा आकडा दोन-तीन अंशांनी चुकू शकतो, शिवाय खुराचे तापमान हवेनुसार बदलते आणि नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईत ते एरवीही जास्त असू शकते. त्यामुळे अमुक अंशांच्या वर रोग, असा एकच नियम सगळ्या गोठ्यांना लावू नये. त्याच गाईच्या डाव्या-उजव्या पायांतला फरक मात्र बराच भरवशाचा असतो. हा फरक एक अंश सेल्सिअसहून अधिक असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच दिसला, तर पाय उचलून, खूर स्वच्छ करून पाहावे.

रंगांवर विसंबू नये, कारण कॅमेऱ्याची तापमान-रंगांची पट्टी स्वयंचलित असेल तर चित्रातल्या सर्वांत गरम जागेला तो पट्टीतला सर्वांत वरचा रंग देतोच, मग ती जागा निरोगी का असेना. पट्टीची खालची व वरची मर्यादा प्रत्येक वेळी तीच ठेवावी आणि वहीत रंग न लिहिता आकडे लिहावेत.

गाय लंगडत असेल आणि कॅमेऱ्यात फरक दिसत नसेल, तरीही पाय उचलावाच. जुनाट व्रण नेहमी गरम असतो असे नाही. चारही पाय एकदम तापलेले दिसल्यास आधी गुदद्वारातून ताप मोजावा. निरोगी गाईचे तापमान साधारण ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असते. तापाबरोबर तोंडातून लाळ गळत असेल, जिभेवर वा बेचकीत फोड असतील, तर लाळ-खुरकुताचा संशय धरून गाय ताबडतोब वेगळी बांधावी, तिच्यासाठीची भांडी वेगळी ठेवावीत आणि सरकारी पशुवैद्यांना कळवावे.

एकाच पायात व्रण किंवा पू आढळल्यास खूर कापण्याचे काम पशुवैद्यांकडून करून घ्यावे. प्रतिजैविक दिल्यास दूध किती दिवस डेअरीला घालू नये, हे त्यांनाच विचारावे. उपचारानंतर आठवड्याने त्याच वेळी, त्याच अंतरावरून पुन्हा चित्र घ्यावे. दोन्ही पायांतला फरक उतरलेला नसेल, तर गाय नीट चालत असली तरी तो पाय पुन्हा दाखवावा.