रिपीटर ऐकू येतो पण आपला आवाज पोचत नाही? सेट प्रोग्राम करताना या चुका टाळा

पुण्यात नवीन हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स मिळालेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, रिपीटर छान ऐकू येतोय पण मी बोललो की कुणीच उत्तर देत नाही, सेट खराब निघाला का? रिपीटर म्हणजे तुमचा सिग्नल पकडून पुन्हा लांबवर पाठवणारा सेट. तुमचा सेट बहुतेक वेळा एकदम ठणठणीत असतो. होतं काय, तर घाईघाईत माणूस टोन (रिपीटर उघडणारा सूर) बदलतो, लगेच शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) बदलतो, मग अँटेना बदलतो, शेवटी फॅक्टरी रिसेट मारतो, आणि मग नक्की कशामुळे अडलं होतं हे शोधायला काही मार्गच उरत नाही.

म्हणून मेनूला हात लावायच्या आधी गाडी कुठे अडलीये ते ठरवा. रिपीटर तुम्हाला ऐकू येतो का? ऐकू येत असेल तर पीटीटी (बोलायचं बटण) दाबा, कॉलसाईन (लायसन्सबरोबर मिळालेलं तुमचं रेडिओवरचं नाव) सांगा, सोडा, आणि टेल येते का बघा, म्हणजे तुम्ही बटण सोडल्यावरही रिपीटरचा कॅरिअर (आवाजाशिवायचा नुसता सिग्नल) थोडा वेळ चालू राहतो आणि मग खट्ट करून बंद होतो, तो. टेल आली तर रिपीटर उठला. मग समोरच्याला विचारा आवाज कसा आहे. ऐकूच येत नसेल तर भानगड जागेची, अँटेनाची किंवा रिसिव्ह टोनची. ऐकू येतं पण उठत नाही, तर शिफ्ट, ट्रान्समिट टोन किंवा पॉवर. उठतो पण आवाज घाण, तर वाइड-नॅरो (सिग्नलची रुंदी), माईक, बॅटरी किंवा काठावरचा सिग्नल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, प्लीज.

शिफ्टचा घोळ

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. दोन मीटर बँडवर हा फरक ६०० किलोहर्ट्झचा. उदाहरणादाखल रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर ऐकू येत असेल आणि शिफ्ट मायनस असेल तर तुमचा सेट १४५.१०० वर ट्रान्समिट करायला हवा. इथे प्लस टाकलं तर तुम्ही १४६.३०० वर जाता, आणि भारतात हॅमसाठी दोन मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच आहे, म्हणजे रिपीटर तर उठत नाहीच, वर तुम्ही बँडच्या बाहेर बोलताय. ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते कारण सेट अजिबात तक्रार करत नाही, लाल दिवा लागतो आणि सगळं नीट चाललंय असं वाटतं. ०.६०० च्या जागी ६.००० किंवा ०.०६० टाकणंही तितकंच कॉमन आहे.

अमेरिकन व्हिडिओ बघून सेटिंग करणाऱ्यांनी जास्तच सांभाळा. तिकडे दोन मीटरचा बँड १४८ पर्यंत जातो, रिपीटरची मांडणी वेगळी आहे, आणि तिकडच्या मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक शिफ्ट चालू असेल तर ती तिकडच्या हिशोबानेच लागते किंवा लागतच नाही. ऑटोवर सोडू नका, हाताने टाका.

बाओफेंग यूव्ही-५आर बऱ्याच जणांकडे असतो म्हणून त्याचं वेगळं सांगतो. मेनू २५ म्हणजे शिफ्टची दिशा, २६ म्हणजे ऑफसेट, १३ म्हणजे ट्रान्समिट टोन. हे सगळं फ्रिक्वेन्सी मोडमध्ये, वरच्या ए लाइनवर करायचं, चॅनल मोडमध्ये बदललेलं टिकत नाही. जुना चॅनल वापरायचा असेल तर आधी मेनू २८ मधून तो रिकामा करा. मग मेनू २७ मधून सेव्ह करा, आणि इथेच गंमत आहे, एकदा सेव्ह केलं की फक्त ऐकायची फ्रिक्वेन्सी साठवली जाते, त्यानंतर स्टारचं बटण दाबून रिव्हर्स करून त्याच चॅनल नंबरवर परत एकदा सेव्ह करायचं, तेव्हा ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी बसते. पीटीटी दाबल्यावर स्क्रीनवरचा आकडा बदलला नाही तर समजा दुसरं सेव्ह राहिलंय. ड्युअल वॉच (दोन्ही लाइन आळीपाळीने ऐकणं), म्हणजे मेनू ७, तोही सुरुवातीला बंदच ठेवा, नाहीतर खालच्या लाइनवर काही ऐकू आलं की तुम्ही भलत्याच फ्रिक्वेन्सीवर उत्तर देऊन मोकळे होता.

टोन

सीटीसीएसएस टोन म्हणजे तुमच्या आवाजाबरोबर जाणारा एक बारीक खालचा सूर, ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला. तो बरोबर असेल तरच रिपीटर दार उघडतो. लोक उत्साहात ट्रान्समिट आणि रिसिव्ह दोन्हीकडे टोन टाकतात. पण प्रत्येक रिपीटर आउटपुटवर टोन सोडतोच असं नाही, आणि तुम्ही रिसिव्ह टोन, म्हणजे मेनू ११, लावून बसला असाल तर हिरवा दिवा लागतो आणि स्पीकर मात्र गप्प. हे लक्षण दिसलं की मेनू ११ ऑफ करा, दुसरं काही शोधत बसू नका.

चर्प, म्हणजे कॉम्प्युटरवरून सेट प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी हीच चूक वेगळ्या रूपात येते. टोन मोडमध्ये ‘टोन’ निवडलं तर ‘टोन’ हा कॉलम चालतो, ‘टीएसक्यूएल’ निवडलं तर ‘टोन स्क्वेल्च’चा कॉलम चालतो. टीएसक्यूएल निवडून आकडा पहिल्या कॉलममध्ये टाकला तर दुसऱ्यातला डिफॉल्ट ८८.५ तसाच राहतो आणि सेट तोच पाठवत राहतो. स्क्रीनवर तुमचा आकडा दिसतोय, रिपीटर उठत नाही, आणि माणूस पार वैतागतो. रिपीटरसाठी साधं ‘टोन’ निवडा, विषय संपला.

चर्पमध्ये पहिलं काम नेहमी सेटमधला डेटा डाउनलोड करून बाजूला सेव्ह करणं. दुसऱ्याची इमेज फाइल (त्याच्या सेटमधून डाउनलोड केलेला डेटा) तशीच आपल्या सेटमध्ये चढवू नका, मॉडेल किंवा फर्मवेअर वेगळं असेल तर सेट बिघडू शकतो, त्यातले चॅनल कॉपी करून आपल्या फाइलमध्ये पेस्ट करा. ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’ आलं तर आधी सेट आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या केबलचा प्लग सेटमध्ये जोर लावून पूर्ण आत दाबा, बरेचदा तेवढंच असतं. तरीही नाही झालं तर स्वस्त केबलमधल्या नकली प्रोलिफिक चिपला विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो, जुना ड्रायव्हर टाका किंवा एफटीडीआय चिपची केबल घ्या.

आवाज बारीक जातो अशी तक्रार आली तर मेनू ५ मधलं वाइड-नॅरो बघा, वाइड रिपीटरवर नॅरो सेटचा आवाज दबलेला येतो.

घरात टेस्ट करताना दोन हँडी (हातात धरायचे सेट) घेऊन एकावर बोलून दुसऱ्यावर ऐकायचा प्रयत्न करू नका. शेजारच्या पाच वॅटपुढे दुसऱ्याचा रिसिव्हर बहिरा होतो आणि रिपीटरच चालत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरा सेट लांबच्या खोलीत किंवा सरळ शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राकडे द्या.

आता जागा. व्हीएचएफ, म्हणजे आपला दोन मीटर बँड ज्यात येतो तो पट्टा, डोंगर ओलांडत नाही, आणि पुण्याला टेकड्यांची कमी नाही. रिपीटर वेताळ टेकडीच्या पलीकडे असेल तर पाषाणच्या खोलगट भागातून त्रास होणारच, दिवे घाटात एका वळणावर पूर्ण सिग्नल आणि पुढच्या वळणावर शून्य. पालखीच्या किंवा विसर्जन मिरवणुकीच्या ड्युटीला हँडी कमरेला लावून फक्त कॉलर माईकवर बोलतात, शरीर निम्मा सिग्नल खाऊन टाकतं. सेट तोंडासमोर उभा धरा, आणि नाही लागला तर अर्धा मीटर सरका, दोन मीटर तरंगलांबीला तेवढ्यानेही फरक पडतो.

गच्चीवर अँटेना लावली असेल तर केबल बघा. आरजी-५८ वीस मीटर टाकली की निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच जाते, जाड आरजी-२१३ ला खर्च करा, तापकीर गल्लीत फिरलात तर कनेक्टरही मिळतील. जूनच्या आधी पीएल-२५९ कनेक्टरवर रबराची चिकटणारी टेप गुंडाळा आणि केबलला खाली लूप द्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत शिरतं, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) चढतो आणि तुम्ही मेनूत टोन शोधत बसता.

बोलायची सवय पण लावून घ्या. पीटीटी दाबल्याबरोबर बोलू नका, सेकंदभर थांबा, टोन ओळखायला रिपीटरला वेळ लागतो नाहीतर कॉलसाईनचं पहिलं अक्षर कापलं जातं. टेल ऐकायला नुसतं खटखट करू नका, दरवेळी कॉलसाईन द्या. टेल संपायच्या आत बोलता येत नसेल तर बिझी चॅनल लॉक (चॅनलवर सिग्नल असताना बोलू न देणारं सेटिंग), मेनू २३, चालू राहिलाय. आणि लायसन्सशिवाय हे सगळं करू नका, ४४६ मेगाहर्ट्झचे लायसन्समुक्त छोटे सेट वेगळे, त्यांना रिपीटर नसतो.

नारायणगावकडे जाणार असाल तर एक विनंती. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आकाशातले अतिशय क्षीण सिग्नल टिपतात, आणि त्यांच्या एका बँडमध्ये आपला १४५ मेगाहर्ट्झ येतो. त्या परिसरात सेट लो पॉवरवर ठेवा, शक्यतो बंदच ठेवा.